मनगटावरचा मुकादम

गेल्या रविवारी बायकोबरोबर फ्लॅट बघायला गेलो होतो. (घ्यायचा वगैरे काही नाही हो. पुण्यात रविवारी दुपारी नवे फ्लॅट बघत हिंडणं हा फुकटातला टाइमपास आहे, आणि कॉफी चांगली मिळते.) सेल्स ऑफिस म्हणजे काय विचारता! गारेगार एसी, काचेच्या पेटीत सोसायटीचं मॉडेल, त्यात नखाएवढ्या गाड्या आणि स्पंजची झाडं. तिथल्या मुलीने माझ्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला आणि मी थेट बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत. हा मजला अजून बांधलेलाच नाही, बरं का. समोर डोंगर, खाली निळाशार तलाव, मागून कसलीतरी मंद सतार. "सर, खाली वाकून बघा ना, व्ह्यू मस्त आहे," ती म्हणाली.

मी काही वाकलो नाही. तो हेडसेट माझ्या ओळखीचा होता. अगदी तेच मॉडेल, तोच कडक पट्टा. २०२४ च्या उन्हाळ्यात तसल्याच चार हेडसेटमधून आम्ही मजुरांना अकराव्या मजल्यावरून खाली पाडत होतो. दिवसाला चाळीसेक जण.

तर आता सांगतोच सगळं. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

मी साधा बॅकएंडवाला माणूस. डेटा येतो, तो साठवायचा, चाळायचा आणि कुणाच्यातरी स्क्रीनवर रंगीत खांब करून दाखवायचा, एवढंच माझं काम. आमच्या कंपनीला तेव्हा एक प्रॉडक्ट करायचं होतं: बांधकाम मजुरांचं आरोग्य आणि सुरक्षितता. मनगटावर एक पट्टा, त्यात हृदयाचे ठोके, त्वचेचं तापमान, हालचाल आणि जागा. शिवाय व्हीआरमधून सुरक्षेचं प्रशिक्षण. पुण्याच्या पश्चिमेला एका साइटवर सहा आठवड्यांचा पायलट ठरला. साठ पट्टे, चार हेडसेट, एक टॅब्लेट आणि मी. मला खरंच भारी वाटलं होतं. दहा वर्षं विमा कंपन्यांचे फॉर्म इकडून तिकडे ढकलल्यावर पहिल्यांदा असं वाटलं की आपला कोड कुणाच्यातरी जिवाला उपयोगी पडेल. आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

पहिल्या दिवशी व्हीआर. साइट ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. बाहेर रांग. हेडसेट चढवला की तुम्ही अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर उभे. एक आवाज शुद्ध हिंदीत सांगतो, "कृपया अपना सुरक्षा उपकरण अवश्य धारण करें." (मंडळी बहुतेक नांदेड-लातूरकडची, काही यादगीरची, काही माल्द्याची. 'धारण करें' कुणाला कळलं असेल, देवच जाणे.) मग तुम्ही दोन पावलं टाकता, कडेला तोल जातो आणि खाली. पोटात खड्डा पडतो, स्क्रीन लाल होते आणि मग बेल्ट लावायचा धडा.

पोरं खूष! एकजण दोनदा पडून आला. बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होता, "अरे पडलो पण लागलं नाही, जाम मजा." मी ते वहीत टिपून घेतलं. 'युजर एंगेजमेंट उत्तम' असं लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे अजून ते पान.

शेवटी एक फिटर आले, चाळिशीचे. फिटर म्हणजे नळवाले नव्हेत, सळया बांधणारे. मुखेड तालुक्यातले. पट्टा नंबर ४४. त्यांनी हेडसेट काढला, घाम पुसला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, पडल्यावर काय होतंय ते आम्हाला म्हाईत हाय. डक्टला जाळी कधी लावनार, ते सांगा की."

मी म्हटलं, "मामा, ते माझ्याकडे नाही. ते साइटवाल्यांकडे."

"बरं बरं," म्हणाले, आणि गेले.

मी नंतर वर जाऊन बघितलं. आठव्या मजल्यापासून वर डक्टची तोंडं उघडी होती. एका ठिकाणी सळईचा तुकडा आडवा बांधून त्याला लाल-पांढरी रिबन लावलेली. लिफ्टच्या खड्ड्याला प्लायवूड टेकवून ठेवलेलं, हाताने ढकललं तर सरकत होतं. म्हणजे खऱ्या इमारतीत आणि आमच्या व्हीआरमधल्या इमारतीत फरक एवढाच, की आमच्यावाल्या इमारतीत पडल्यावर परत सुरुवातीपासून खेळता येत होतं.

इथे थोडं ज्ञान पाजळतो. सुरक्षेच्या धंद्यात एक जुनी उतरंड आहे, जगभर शिकवतात. आधी धोकाच काढून टाका. नाही जमलं तर धोकादायक वस्तू किंवा पद्धत बदला. नाही जमलं तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी भक्कम घाला: कठडा, जाळी, झाकण. मग नियम, प्रशिक्षण, पाट्या. आणि सगळ्यात शेवटी, बाकी काहीच उरलं नाही की माणसाच्या अंगावर काहीतरी चढवा. आमचं व्हीआर खालून दुसऱ्या पायरीवर. आमचा पट्टा तर उतरंडीतसुद्धा बसत नाही. हेल्मेट निदान डोकं वाचवतं. पट्टा फक्त वर कळवतो, की डोकं फुटलं.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ मध्ये बांधला. मुख्य इंजिनिअर जोसेफ स्ट्रॉसने पुलाच्या खाली दोरखंडाची जाळी टांगली. खर्च सुमारे १ लाख ३० हजार डॉलर, आणि ते मंदीच्या काळात. त्या जाळीने १९ माणसं वाचवली. त्या लोकांनी स्वतःचा एक क्लबच काढला होता, 'नरकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आलेल्यांचा क्लब' अशा अर्थाच्या नावाचा. माणसं दगावलीही, एकूण ११. त्यातली १० एकाच दिवशी, १७ फेब्रुवारी १९३७ ला, एक परांचीच तुटून जाळी फाडत खाली गेली तेव्हा. म्हणजे जाळी काही जादू नाही. पण जाळीला बॅटरी लागत नाही, जाळीला वायफाय लागत नाही, आणि पडणारा माणूस कोणत्या तालुक्यातला आहे, त्याला हिंदी येतं का, त्याने ट्रेनिंग पूर्ण केलंय का, हे जाळी विचारत नाही. हे तंत्र ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं आहे हो! आणि मी २०२४ मध्ये त्याच माणसाच्या डोळ्यांवर पडण्याचा सिनेमा बांधत होतो.

असो. व्हीआरवर एवढाही राग नाही माझा. टॉवर क्रेनचा ऑपरेटर आधी सिम्युलेटरवर बसला तर चांगलंच आहे, विमानवाले वर्षानुवर्षं तेच करतात. माझा राग खरा पट्ट्यावर आहे. आणि त्याहून जास्त स्वतःवर, पण ते पुढे.

पट्टा कसा चालतो बघा. मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, परत येणाऱ्या प्रकाशातून ठोके मोजायचे. तुमच्या-माझ्या मनगटावर हे छान चालतं, कारण आपण फार तर माउस हलवतो. आता फिटरचा हात डोळ्यांसमोर आणा. हातात हूक, बाइंडिंग तारेला पीळ, मिनिटाला कितीतरी वेळा मनगट वळतंय. वरून घाम, घामावर सिमेंटची धूळ, त्याचा झालेला लगदा. सेन्सरला ठोके आणि पीळ यातला फरक कळेना. आमच्या डॅशबोर्डवर एका माणसाचे ठोके दुपारी दीडला शून्य दाखवत होते. मी घाबरून पळत गेलो, तर ते कोपऱ्यात निवांत भाकरी खात बसलेले आणि पट्टा शेजारी खिळ्याला टांगलेला. "खाज सुटती साहेब."

इशारा कधी द्यायचा, यासाठी उष्णतेच्या ताणाचा एक माहितीतला ठोकताळा आहे: १८० वजा वय. चाळीस वर्षांच्या माणसाचे ठोके काही मिनिटं सलग १४० च्या वर राहिले, की थांबवा. सोपं आहे ना? पण वय आणायचं कुठून? आधार कार्डावरून घेतलं. अर्ध्याहून जास्त लोकांची जन्मतारीख १ जानेवारी. सगळे एकाच दिवशी जन्मले असं नाही. कार्ड काढणाऱ्याने विचारलं, यांना सांगता आलं नाही, त्याने १ जानेवारी टाकली. वर्षही अंदाजपंचेच. म्हणजे आमचा शास्त्रीय इशारा कुठल्यातरी सेतू केंद्रातल्या कंटाळलेल्या ऑपरेटरच्या अंदाजावर उभा होता.

आणि मुळात माणसामाणसाला पट्टा बांधून ऊन मोजायचंच कशाला? ऊन सगळ्यांना सारखंच लागतं ना? उष्णतेचा ताण मोजायला एक साधं यंत्र असतं. एक काळा गोळा, त्याच्या पोटात थर्मामीटर. शेजारी ओल्या कापडात गुंडाळलेला दुसरा. आणि तिसरा साधा, सावलीतला. तिघांचे आकडे एकत्र करायचे. उघड्यावर काम असेल तर ओल्याला ७० टक्के वजन, गोळ्याला २०, साध्याला १०. ओल्याला इतकं महत्त्व का? तर घाम वाळला तर शरीर थंड होतं, आणि हवेत दमटपणा असला की घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमाला आलेली १४ माणसं गेली, तेव्हा पारा काही पंचेचाळीसला नव्हता. चाळिशीच्या आतच होता. नुसत्या पाऱ्याकडे बघणाऱ्याला ते कळलंच नसतं.

कतारचं उदाहरण देतो. (तिथे मजुरांचे हाल झाले नाहीत असं मी म्हणत नाहीये. आपलेच लोक तिथे जातात, त्यांना विचारा.) २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि ग्रीसमधलं थेसली विद्यापीठ यांनी तिथे उन्हात काम करणाऱ्यांवर अभ्यास केला. मजुरांच्या शरीराची मोजमापं घेतली, सेन्सर वगैरे सगळं. त्यानंतर २०२१ मध्ये कतारने नियम केला: वर सांगितलेल्या यंत्राचा आकडा ३२.१ अंशांच्या वर गेला की काम बंद, वर्षाचा कुठलाही दिवस असो. शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम नाही. सेन्सर काही माणसांना काही दिवस लावले, त्यातून सगळ्यांसाठी नियम निघाला. ज्याला थांबायचंय त्याने आपलं शरीर सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही. अभ्यासासाठी पट्टा बांधणं आणि कामावर ठेवण्यासाठी पट्टा बांधणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या पायलटच्या बजेटमध्ये साठ पट्टे होते. काळा गोळा एकही नव्हता. मी सुचवला होता. "त्यात डेटा कमी येतो," असं उत्तर आलं.

आता माझ्या पापाकडे येतो.

चौथ्या आठवड्यात क्लायंटबरोबर मीटिंग. सगळे खूष, आलेख सुंदर, नकाशावर हिरवे-पिवळे ठिपके हलतायत. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "हे हालचालीचं जे आहे ना, त्यातून बसलेला वेळ वेगळा काढता येईल का? माणूसवार?"

मी 'का हवाय' असं विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, सहज."

आणि खरंच सहज होतं. सलग दहा मिनिटं हालचाल अमुक मर्यादेच्या खाली असली तर तो वेळ बेरजेत घ्या. एक क्वेरी, एक नवा कॉलम, दोन संध्याकाळचं काम. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला चहा पीत मी तो डिप्लॉय केला आणि स्वतःवर खूष होऊन झोपलो. नाव काय दिलं माहितेय? 'रेस्ट इनसाइट'. विश्रांती! वेलनेसचं प्रॉडक्ट ना.

आता बसलेला वेळ म्हणजे काय हे साइटवर गेलेल्या कुणालाही कळेल. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, अख्खी गँग तासभर बसून राहते. हॉइस्ट बंद पडतं, वर माल येत नाही, लोक बसतात. एकजण ओळंबा धरून पुतळ्यासारखा उभा असतो, तो पक्का कामात असतो, पण सेन्सरच्या हिशेबाने तोही रिकामटेकडा. हे सगळं माझ्या कॉलममध्ये एकाच लाल रंगात येत होतं.

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी पगार. (हप्त्याची खर्ची म्हणतात तिथे, उरलेला हिशेब नंतर, उचल वळती करून.) मी सहज टॅब्लेट चार्ज करायला गेलो होतो. ४४ नंबरवाले मामा मुकादमाशी वाद घालत होते. वाद तरी कसला, हळू आवाजात परत परत तेच सांगत होते. त्यांच्या दोन दिवसांच्या हजेऱ्या अर्ध्या लावल्या होत्या. मला बघितल्यावर ते माझ्याकडे वळले. मनगट पुढे केलं.

"साहेब, तुमीच सांगा की ह्यांला. ह्ये घड्याळ थरथरलं. तुमीच म्हनले होते, थरथरलं की सावलीत बसायचं. म्हून बसलो."

मी लॉग उघडून बघितले. मंगळवार दुपारी ठोके १४० च्या वर, इशारा गेला, माणूस बसला. बुधवारी तेच. इशारा बरोबर होता, माणसाने केलं ते बरोबर होतं, अख्ख्या सहा आठवड्यांत आमचं प्रॉडक्ट जसं चालायला हवं तसं चाललेले दिवस शोधायचे तर हेच. आणि पुढच्याच कॉलममध्ये, माझ्या दोन संध्याकाळच्या कष्टाचं फळ: बसलेला वेळ, लाल. मुकादमाकडे लालवाल्या नावांची यादी वरून आली होती. पहिला कॉलम त्याच्यापर्यंत आलाच नव्हता.

मी मुकादमाला समजावलं. तो म्हणाला, "सर, मला काय करायचंय? यादी तुमच्याच मशीनची आहे." खरं बोलत होता तो. मग मी साइट ऑफिसात गेलो, तिथे भांडलो, दोन अर्ध्या हजेऱ्या पूर्ण करून घेतल्या. हिरो वाटलं का मी? थांबा. यादीत अजून अकरा नावं होती, आणि त्यातलं कुणीही माझ्यासमोर मनगट पुढे करून उभं नव्हतं. त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात पट्टा थरथरला की लोक काय करत होते? उठून हात हलवत होते. एकाने पट्टा सरळ मिक्सरच्या दांड्याला बांधला. दिवसभर जोरदार काम, ठोके शून्य. हसू येतं ना? मलाही आलं. पण त्या आठवड्यात ऊन आदल्या आठवड्याइतकंच होतं, आणि सावलीत बसणाऱ्यांचे आकडे निम्म्यावर आले होते. आमच्या अहवालात त्याला 'उत्पादकतेत सुधारणा' म्हटलंय.

हे फक्त आमच्याच साइटवर झालं असं समजू नका. नागपूर महापालिकेने सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की पगाराला कात्री. चंडीगढमध्ये २०२० मध्ये सफाई कामगारांनी तसल्याच घड्याळांविरुद्ध निदर्शनं केली. अ‍ॅमेझॉनने गोदामातल्या कामगारांच्या हाताची हालचाल ओळखणाऱ्या मनगटी पट्ट्याचं पेटंट २०१८ मध्ये मिळवलं. जिथे जिथे मोजणाऱ्याच्या हातात पगार आहे, तिथे आरोग्याचा पट्टा हजेरीचा पट्टा होतो. हे कुणी वाईट माणूस आहे म्हणून होत नाही. कॉलम उपलब्ध असतो, म्हणून होतं.

आणि आता खरी गंमत ऐका. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची असेल तर आधीच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. तेव्हा १९९६ चा कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, पण ९० दिवसांची अट तिथेही आहे. नोंदणी असली तर पोरांना शिष्यवृत्ती, आजारपणाला मदत, कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे. यासाठी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर गोळा होतो, तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या किमतीतूनच तो जातो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नमूद केलं, की देशभरात सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा झाले आणि खर्च झाले जेमतेम ९,५०० कोटी. त्याच प्रकरणात कॅगच्या प्रतिज्ञापत्रातून हेही बाहेर आलं होतं, की या पैशातून मजुरांसाठी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं दाखवलंय. वॉशिंग मशीन! पत्र्याच्या खोलीत, जिथे पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो.

मजुराला हे पैसे मिळत नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे तो ९० दिवसांचा दाखला. ठेकेदार देत नाही, साइट बदलत राहते, मुकादम हात वर करतो. आणि माझ्या डेटाबेसमध्ये साठ माणसांची रोजची हजेरी मिनिटामिनिटाच्या हिशेबाने पडलेली! कोण कधी आलं, कुठल्या मजल्यावर होतं, कधी गेलं. एक बटण हवं होतं फक्त. दाबलं की 'या कामगाराने या साइटवर इतके दिवस काम केलं' असा कागद निघेल. सहा आठवड्यांत ९० दिवस भरत नाहीत हे मलाही कळतं, पण पुढे प्रॉडक्ट चाललं असतं तर भरले असते, आणि पुढच्या साइटवर तोच पट्टा नंबर नेता आला असता. हे काम दोन संध्याकाळचंसुद्धा नव्हतं. एका संध्याकाळचं.

मी ते मीटिंगमध्ये मांडलं. पाच सेकंद शांतता. मग, "चांगली आयडिया आहे, पण लायबिलिटीचा विषय येतो. बॅकलॉगमध्ये टाकून ठेव." टाकलं. (आयटीतल्या मंडळींना बॅकलॉग म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: माळा.)

तोच डेटा, तोच डेटाबेस. मजुराचा पगार कापणारा कॉलम गुरुवारी मागितला आणि शुक्रवारी रात्री हजर. मजुराला हक्क मिळवून देणारं बटण माळ्यावर. यापुढे मला कुणी तंत्रज्ञान तटस्थ असतं वगैरे सांगू नये.

माझा एक मित्र, तोही याच धंद्यातला, म्हणतो, "अरे पण काहीच नसण्यापेक्षा बरं ना? निदान सुरुवात तरी झाली." मला एकेकाळी हे पटायचं. पण इथे 'काहीच नाही' असं नव्हतंच. कायदा होता. पिण्याचं पाणी मुतारीपासून किमान सहा मीटर लांब असावं, इतक्या बारकाईने लिहिलेला. संडास, राहायला जागा, पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर. (पाळणाघराची कल्पनाही कुणा स्टार्टअपची नाही. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या साइटवरच तंबू ठोकून मोबाइल क्रेश सुरू केली.) साइटवर एवढं करायचं शिल्लक असताना पट्टा आला, तो या सगळ्याच्या आधी आला, आणि आल्यावर सगळ्यांना वाटलं की झालं, सुरक्षेचं काहीतरी केलं. ब्रोशरवर फोटो आला. जाळीचा फोटो ब्रोशरवर चांगला दिसत नाही.

२९ जून २०१९ ची पहाट आठवते का? कोंढव्यात सोसायटीच्या सीमेची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. सगळे झोपेत. समजा तेव्हा प्रत्येकाला आमचा पट्टा दिला असता, तरी तो रात्री चार्जिंगला लावलेला असता. आणि व्हीआरमध्ये त्यांना काय शिकवणार होतो आपण? की भिंतीखाली झोपू नये? त्यांना ती जागा कुणी दिली होती?

सेन्सर हवेतच, मी नाही म्हणत नाही. पण वस्तूंना लावा ना! त्या भिंतीला कललेली कळवणारं यंत्र लावा. खोदलेल्या खड्ड्याच्या कडेला लावा. स्लॅबखालच्या टेकूंवर किती भार येतोय ते मोजा. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. त्यांच्या हृदयाचे ठोके शेवटपर्यंत ठीकच असणार. हॉइस्टच्या दाराला लावा, की दार उघडं असताना ते हलूच नये. क्रेनला लावा. भिंत कधी "मला खाज सुटते" म्हणत नाही, टेकूचा पगार कापता येत नाही. आणि माणसाला लावायचाच असेल, तर डेटा आधी त्याच्या फोनवर जाऊ दे, मग डॉक्टरकडे, आणि मुकादमाकडे कधीच नाही. हे कोडमध्ये करता येतं हो. परवानग्यांच्या टेबलात एक ओळ असते. मीच लिहितो त्या ओळी.

मी पायलट संपल्यावर एक लांबलचक मेल लिहिली. बसलेल्या वेळेचा कॉलम काढून टाका, निदान ज्या दिवशी इशारा गेलाय त्या दिवसाचा तरी लपवा. उत्तर दोन ओळींचं आलं. 'क्लायंटला तोच सगळ्यात जास्त आवडलाय' असं होतं त्यात, आणि माझ्या कामाचं कौतुक. पुढच्या महिन्यात मी प्रोजेक्ट बदलून घेतला. नोकरी सोडली नाही. हप्ते आहेत. त्याला कुणी पळपुटेपणा म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

४४ नंबरवाले मामा शेवटच्या दिवशी पट्टा परत करायला आले होते. धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून. मी विचारलं, "आता कुठे?" म्हणाले, हिंजवडीच्या पुढे नवीन साइट धरलीय मुकादमाने. मग दाराशी थांबून विचारलं, "साहेब, त्या नव्वद दिवसांच्या कागदाचं काय झालं हो?" मीच एकदा चहा पिताना त्यांना सांगितलं होतं.

मी म्हटलं, बघतो.

तिकीट अजून उघडंच आहे. परवा मुद्दाम बघितलं. प्रायॉरिटी: लो. असाइन कुणालाच नाही. काल रात्री मी ते माझ्या नावावर करून घेतलंय. प्रोजेक्ट माझा नाही, त्यामुळे सोमवारी कुणीतरी विचारेलच.